आणि साथीदार

काशीच्या शिंदे घाटावर उभे राहिले की प्रथम जाणवते ते दगडाचे वजन. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये निवर्तल्यावर ग्वाल्हेरचा कारभार हाती घेणाऱ्या बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. बांधकाम एवढे अवजड होते की त्याच्या भारानेच घाटाचा काही भाग खचला, असे सांगतात. पायथ्याशी असलेले रत्नेश्वराचे देऊळ एका बाजूस कलले आहे आणि त्याचा गाभारा वर्षातील बराच काळ पाण्यात किंवा गाळात असतो. मग तिथे दिवा नसतो, घंटा नसते. दक्षिणेला अगदी लागून मणिकर्णिका. वयोवृद्ध माणूस गेला तर त्याला वाजतगाजत नेण्याची चाल या भागात आहे, त्यामुळे ज्या दिशेने धूर येतो त्याच दिशेने कधीकधी वाद्यांचा गलबलाही येतो. वर अरुंद गल्ल्यांत आत्मवीरेश्वर आणि इतर कितीतरी देवळे आहेत. सायंकाळी आरतीची वेळ झाली की या सगळ्या परिसरातून आवाज उठू लागतात. मराठी यात्रेकरूचा कान घंटा, झांज आणि नगारा सहज वेगळे काढतो. काही देवळांच्या बाबतीत मात्र त्याच्या ध्यानात येते की नगाऱ्यावरचा ठोका फारच सारखा पडतो आहे. आरती रेंगाळली तरी तो रेंगाळत नाही, आणि कापूर पेटला तरी चढत नाही. विजेच्या मोटारीवर चालणारे, टिपऱ्या आणि घंटा एकत्र जोडलेले यंत्र आता काशीपासून कोकणापर्यंत असंख्य देवळांत बसले आहे. कळ दाबली की ते वाजू लागते.

या यंत्राची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलेलीही आहे. पण यंत्र बसण्यापूर्वीच नगारा वाजवणाऱ्याची जागा रिकामी झालेली होती, हे थट्टेच्या भरात विसरले जाते. ती का रिकामी झाली, याचे उत्तर शोधण्यास शिंदे घाट ही सोयीची जागा आहे. इथल्या दगडामागे जी व्यवस्था उभी होती, तिच्यात वादकालाही एक कोपरा होता.

घाट बांधणे म्हणजे केवळ पायऱ्या बांधणे नव्हे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठी सरदारघराण्यांनी काशीत जो पैसा ओतला, त्यात देवळे होती, अन्नछत्रे होती, ब्राह्मणांच्या दक्षिणा होत्या. ज्ञानवापीच्या विहिरीवरील मंडप १८२८ मध्ये बायजाबाईंनीच उभारला. त्याआधी १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे देऊळ बांधविले होते. त्या देवळासमोर १७८५ मध्ये नौबतखाना उभा राहिला तो मात्र वॉरन हेस्टिंग्जच्या सूचनेवरून, आणि बांधून घेणारा अधिकारी मुसलमान होता. मराठी राणीचे देऊळ, इंग्रज गव्हर्नर-जनरलचा हुकूम, मुसलमान अंमलदार आणि वर बसून प्रहरोप्रहर वाजवणारे, तेही बहुशः मुसलमान, शहनाईवाले: काशीच्या सांस्कृतिक एकात्मतेवर जी व्याख्याने होतात, त्यांना हे उदाहरण फार आवडते. त्याचा व्यावहारिक अर्थ अधिक साधा आहे. देवाला जसा नैवेद्य, तशी नौबत. ती कुणीतरी वाजवायची आणि वाजवणाऱ्याचे पोट त्यावर थोडेबहुत चालायचे. महाराष्ट्रातही हेच होते. गावचा गुरव देवापुढे वाजवी आणि त्याबद्दल बलुते घेई. मोठ्या देवस्थानांच्या नेमणुकीत पुजारी, फुले, दिवाबत्ती यांच्या जोडीने वाजंत्र्यांचीही तरतूद असे.

‘वाजंत्री’ हा शब्दच पाहण्यासारखा आहे. मराठीत तो वाद्यांनाही लागतो आणि वाजवणाऱ्यालाही. वाजंत्री बसली, वाजंत्री वाजली, वाजंत्र्यांना जेवायला वाढले. वाजणारी वस्तू आणि वाजवणारा माणूस यांची फारकत करण्याची गरज भाषेला वाटलेली दिसत नाही. ती होण्यासारखी परिस्थितीच नव्हती. आवाज आला याचा अर्थ माणूस आला होता.

शिंदे घाटावरून प्रवाहाबरोबर, म्हणजे काशीच्या उलट्या भूगोलानुसार उत्तरेकडे, चालू लागले की संकठा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांच्या विनायकाचा गणेश घाट, राम घाट असे करीत मंगलागौरी आणि पंचगंगेच्या परिसरात पोहोचता येते. तिथे बालाजीचे मंदिर आहे. या मंदिरात अमीरुद्दीन नावाचा एक मुलगा मामाच्या मागोमाग येऊन बसत असे. मामा अलीबक्ष हे विश्वनाथाच्या देवळाशी संबद्ध असलेले शहनाईवादक. मुलगा १९१६ मध्ये डुमराँवला जन्मला होता आणि पुढे बिस्मिल्ला खाँ या नावाने जगाला ठाऊक झाला. बालाजीच्या सान्निध्यात त्याने वर्षानुवर्षे रियाज केला. यतींद्र मिश्र यांच्या ‘नौबतखाने में इबादत’ या लेखामुळे ही हकीकत हिंदी शालेय वाचकालाही परिचित झाली आहे, म्हणून तिचा विस्तार इथे नको. त्या नौबतखान्यात आणखी कोण बसत असे, याकडे मात्र क्वचितच कुणी पाहते.

शहनाईचा ताफा हा एका माणसाचा नसतो. मुख्य वादक एक. त्याच्या बाजूला दुसरी शहनाई, जी त्याची ओळ उचलते, पुढे नेते, तो दम घेई तोवर राग जागता ठेवते. मग दुक्कड किंवा नगारा; मराठी सनईत चौघडा किंवा संबळ. आणि सर्वांत मागे सूर धरणारा. त्याच्या हातातही शहनाईच असते, पण ती एकच स्वर वाजवते. तो स्वर तुटता कामा नये. गालांत साठवलेली हवा बाहेर सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास आत घ्यायचा, अशी ती युक्ती. ती साधायला महिनोन्‌महिने लागतात. घटका दोन घटका एकाच स्वरावर बसून राहणाऱ्या या माणसाकडे श्रोत्याचे लक्षही जात नाही. पण शिकणारा पोर बहुधा प्रथम तिथेच बसविला जाई. सूर धरता धरता तो ऐके. राग कोणत्या वेळी कसा उघडतो, लग्नातल्या विधीप्रमाणे धून कशी बदलते, यजमानाची खुशी कोणत्या चीजेत आहे, हे सारे त्याच्या कानावर त्या मागच्या जागेवरून पडे. पुढे दुसऱ्या शहनाईवर बढती, आणि नशीब असेल तर मुख्य जागा. नौबतखान्याला शाळा नव्हती, पण मागची रांग होती. साथ हाच अभ्यासक्रम होता.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. १९३७ मध्ये कलकत्त्याच्या संगीत परिषदेत बिस्मिल्ला खाँ वाजवून गेले आणि दारावरचे वाद्य मैफलीत आले. थोरले बंधू शम्सुद्दीन प्रारंभी त्यांच्या जोडीला असत. २६ जानेवारी १९५० रोजी पहिल्या प्रजासत्ताकदिनी त्यांची शहनाई दिल्लीत वाजली. या उन्नतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या वादकांना देवडीपलीकडे जागा नव्हती, त्यांच्यातील एकाला २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. जुन्या व्यवस्थेबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांनी हे आधी मोजून घ्यावे. नौबतखाना दारावर असे तो शोभेसाठीच नव्हे; आत कुणी बसायचे आणि बाहेर कुणी, याची ती खूणही होती. नेमणूक तुटपुंजी असे, ती जातीने बांधलेली असे, आणि ‘वाजंत्री’ या शब्दाला मराठीत जो हलका वास आहे तो उगाच आलेला नाही.

तरीसुद्धा एक लहानशी गोष्ट नोंदली पाहिजे. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर बिस्मिल्ला खाँ यांच्या नावापुढे दोन शब्द छापलेले असत: ‘अँड पार्टी’. आकाशवाणीवरील निवेदक ‘और साथी’ म्हणत; मराठी निवेदक ‘आणि साथीदार’. श्रोत्याच्या कानाला हे शब्द नावाची शेपटी वाटत. वस्तुतः त्या शेपटीत संपूर्ण नौबतखाना गुंडाळलेला होता. प्रहर-प्रहर चालणारी गोष्ट तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसविताना पुष्कळ काही गाळावे लागले, त्यात साथीदारांची नावे सर्वप्रथम गळाली.

नौबत ऐकविणारे पैसे यांच दशकांत आटत होते. उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा १९५० चा. ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे सर्व योग्यच होते. पण देवळाच्या दारात बसणारा माणूस ज्या धाग्याला लोंबकळत होता, तो धागाही त्याच कात्रीत सापडला. सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ (१९५८) मध्ये बुडत्या जमीनदाराच्या घरी शहनाई वाजविणारे कलावंत म्हणून स्वतः बिस्मिल्ला खाँच पडद्यावर दिसतात. आश्रयदात्याच्या अस्ताचे चित्र काढायला आश्रितांतील सर्वांत यशस्वी माणूस बोलवावा लागला, हा योग मोठा विलक्षण.

राजाश्रय गेला तरी वाद्यवृंदाला लगेच उपासमार आली नाही, याचे श्रेय चित्रपटाला. इथे मराठी माणसाचा संबंध अधिक जवळून येतो. ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) या विजय भट्टांच्या चित्रपटाला संगीत दिले ते वसंत देसाई यांनी. ते कुडाळ-सावंतवाडीच्या मुलखातले. ज्या मुलखात देवळाच्या पालखीपुढे सनई आणि ढोल, आणि रात्री दशावतार, अशा वातावरणातून आलेल्या माणसाने बनारसच्या शहनाईला हिंदुस्थानभरच्या चित्रपटगृहांत पोहोचविले. त्या चित्रपटानंतर शहनाई म्हणजे बिस्मिल्ला खाँ हे समीकरण सामान्य श्रोत्याच्या मनात कायमचे ठसले.

त्या काळचे ध्वनिमुद्रण आजच्या वाचकाला सांगूनही खरे वाटणार नाही. गायक, कोरस आणि पन्नास-पन्नास, कधी त्याहूनही अधिक वादक एकाच दालनात बसत. ध्वनिक्षेपक मोजके. कुठे एका व्हायोलिनवाल्याची तार सैल पडली तर सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवायचे. या दालनांत गोव्याहून आलेल्या वादकांचा भरणा मोठा होता. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले, हॉटेलांतील जाझ बँडमध्ये हात बसलेले हे लोक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा होते. शंकर-जयकिशन यांच्या चालींचे वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझा लिहीत. सी. रामचंद्र यांच्या संगीतात चिक चॉकलेट यांच्या ट्रंपेटचा वाटा मोठा होता. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. हा अपवादच. बाकीचे कधी दिसले नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळकार. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका गाण्यात त्यांचे नाव आले आणि ते देशातल्या पोराटोरांच्या तोंडी झाले. हे नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत होते. साथीदाराला प्रसिद्धी मिळाली तीही अशी, विनोदी पात्राच्या नावाने.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण करण्याची सोय आली, तसे सर्वांनी एकत्र बसणे अनावश्यक झाले. सिंथेसायझर आला, त्याने व्हायोलिनच्या ओळीच्या ओळी उठविल्या. १९९० नंतर एकेकटा माणूस संगणकापुढे बसून तालवाद्यांचा ताफा उभा करू लागला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या चित्रपट-वादकांवर २००८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पिढीच्या आठवणी जपल्या गेल्या आहेत. त्याआधी २००५ मध्ये त्यानेच लग्नातील बँडवाल्यांवर पुस्तक लिहिले होते. मराठीत आणि हिंदीत या विषयांवर एवढ्या विस्ताराने लिहिण्याची निकड कुणाला वाटली नाही, ही टीका म्हणून नव्हे, पण नोंद म्हणून इथे ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे गायकांची चरित्रे निघतात. वादकांचे फार तर निधनवृत्त येते.

लग्नमंडपातील कथा मात्र काशीच्या संदर्भात विशेष बोचणारी आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कॅसेटने उत्तर भारतातील लोकसंगीताला कसा नवा बाजार मिळवून दिला, हे दाखविले आहे, आणि ते खरे आहे. मुंबईबाहेरच्या, बोलीभाषेतल्या कितीतरी गायकांना कॅसेटनेच आवाज दिला. शहनाईच्या बाबतीत परिणाम उलटा झाला. लग्नाच्या सकाळी मंगलध्वनी हवा, तो आता एका कॅसेटवर मिळू लागला, आणि ती कॅसेट बहुधा बिस्मिल्ला खाँ यांची असे. गावचा सनईवाला त्यांच्यापेक्षा कमी प्रतीचे वाजवी, यात वाद नाही. सर्वोत्तम वादकाचे वादन चार रुपयांत मिळत असताना दुय्यम वादकाला चार माणसांच्या ताफ्यासह बोलवावे कुणी? ज्या माणसाने शहनाईला देवडीवरून उचलून मानाच्या आसनावर बसविले, त्याच्याच ध्वनिमुद्रणाने देवडीवरच्या शेकडोंची गरज संपविली. यात त्यांचा दोष काडीमात्र नाही. त्यांनी स्वतः अखेरपर्यंत बनारस सोडले नाही, मोहरमच्या आठवीला दालमंडीहून फातमानपर्यंत पायी चालत शहनाईवर शोकधून वाजविली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये त्यांना त्याच फातमानच्या भूमीत मूठमाती मिळाली. एकाचा गौरव जेवढा निखळ, तेवढीच त्याची सावली इतरांवर दाट पडते, एवढेच म्हणता येईल.

२०१६ च्या डिसेंबरात त्यांच्या काही शहनाया चोरीला गेल्या. त्यांतल्या बहुतेक चांदीच्या, भेट म्हणून मिळालेल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांनी तपास लावला तेव्हा चांदी वितळवली गेलेली होती. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, ती योग्यच. परंतु लाकडाची, रोज वाजणारी, साथीदारांच्या हातातील शहनाई त्यापूर्वीच कितीतरी घरांतून नाहीशी झाली होती आणि तिची फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदलेली नाही.

लग्नातून सनई हटली तेव्हा तिची जागा प्रथम ब्रास बँडने घेतली होती. लष्करी धाटणीचा पोशाख, चकाकणारे कर्णे आणि गेल्या वर्षीच्या चित्रपटातली गाणी. जुन्या लोकांनी नाके मुरडली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ‘प्रभात’ किंवा ‘दरबार’ बँड आला की दुतर्फा लोक आजही थांबून ऐकतात, तेव्हा त्या नाक मुरडण्याला काळानेच उत्तर दिले असे म्हणावे लागेल. आता बँडच्या मागे ध्वनिवर्धकांच्या भिंती येतात आणि बँड ऐकू येत नाही. नगारखान्यात टिमकीचा आवाज कोण ऐकतो, अशी म्हण मराठीत आहे. ती रचणाऱ्याने नगारखानाच टिमकीसारखा होऊन बसेल अशी कल्पना केली नसावी.

निराशेचा सूर इथवर लागला असला तरी काशीत वाद्ये थांबलेली नाहीत. संकटमोचनच्या देवळात १९२३ पासून चालत आलेला संगीत समारोह आजही रात्ररात्र रंगतो. अस्सी घाटावर २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ या नावाने रोज सूर्योदयाला आरती आणि पाठोपाठ शास्त्रीय संगीत होते. तरुण कलावंतांना तिथे संधी मिळते, श्रोते भल्या पहाटे चालत येतात. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र तो नौबतीचा वारस नव्हे. तो मैफलीचा वारस आहे. तिथे मंच आहे, निवेदन आहे, कलावंताचे नाव आहे, टाळ्या आहेत. नौबत कुणी ‘ऐकायला’ जात नसे. ती दळणाच्या, स्नानाच्या, दुकान उघडण्याच्या मधून कानावर पडे आणि प्रहर कळे. शिंदे घाटावर कपडे धुणाऱ्याला बालाजीवरून आलेला सूर ऐकू येत असेल, तर त्यासाठी त्याने हातातले काम थांबविण्याचे कारण नव्हते. बहुजनांच्या नित्य जगण्यात मिसळलेले, तिकिटावाचूनचे, निनावी असे जे वादन होते, तेच त्या काळचे लोकप्रिय संगीत म्हणायला हवे. ऱ्हास झाला तो त्याचा. मैफल सुखरूप आहे.

मागच्या रांगेतल्या त्या एका स्वराचेही यंत्र निघाले. बंगळूरला १९७९ च्या सुमारास विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला आणि प्रवासात, एकट्याच्या रियाजात, गायकांना तो वरदान ठरला. ज्या गायकाने पहाटे तंबोरा जुळवण्यात अर्धा तास घालविला आहे, त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. पेटीचा सूर हलत नाही, थकत नाही, तिला मानधन लागत नाही. ती काही शिकतही नाही, आणि उद्या दुसऱ्या शहनाईवर तिला बसविता येत नाही.

अलीकडे महाराष्ट्रातील मंगल कार्यालयांच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग दिसतो: ‘लाइव्ह सनई-चौघडा’. भाषेच्या अभ्यासकाने त्यावर थांबावे. सनई-चौघड्याला विशेषण लावण्याची वेळ यापूर्वी कधी आली नव्हती. वाजंत्री या शब्दातच माणूस होता. आता माणूस हवा असल्यास तसे वेगळे सांगावे लागते आणि त्याचा दरही वेगळा पडतो. फेटे बांधलेले वादक प्रवेशद्वाराशी बसतात, पाहुणे त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात, वरपक्ष आला की सनई उंच होते, आणि क्षणभर खरोखरच सगळा मंडप तिकडे वळतो. ताफ्यात किती माणसे, यावर दर ठरतो. यजमानाने घासाघीस केली तर ताफा लहान होतो. सनई ठेवावीच लागते, चौघडा दिसावा लागतो. कमी होतो तो बहुधा सूर धरणारा.